नऊपैकी नऊ

"मी स्वार्थी आहे का, तेवढंच सांगा." गणपतीला गावी आलेला देवगडकडचा एक तरुण खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नोकरी पुण्यात. वडिलांचं म्हणणं, परत ये, कलमं सांभाळ. याला यायचं नाही. आई वाडीभर सांगतेय, "झील हातचो गेलो." त्यात ऑफिसच्या प्रशिक्षणात कसलीशी चाचणी झाली आणि शिक्का बसला: व्यक्तिवादी, म्हणजे आधी स्वतःचं बघणारा. भारत म्हणे समूहवादी, आधी आपल्या माणसांचं बघणारा, मग मीच कसा असा?

ही टोचणी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात, बहुतेक गणपती नाहीतर शिमग्यानंतर.

आधी आकड्याचं भूत उतरवलं. डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवरून देशांना व्यक्तिवादाचे गुण दिले. अमेरिका ९१, ग्वाटेमाला ६, भारत ४८. म्हणजे आपण जवळपास मधोमध! प्रश्नही नोकरीचे: स्वतःसाठी वेळ किती महत्त्वाचा, कामात मोकळीक किती. आणि देशाचा आकडा एकेका माणसाला लावू नका, हे त्यांनीच बजावलेलं. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का?

तो पहिल्यांदा हसला.

मग मानसशास्त्रज्ञ हॅरी ट्रायंडिस यांच्या पद्धतीची प्रश्नावली काढली. तिच्यात व्यक्तिवाद आणि समूहवाद वेगवेगळे मोजतात. एकाच माणसाला दोन्हींत भरपूर गुण पडू शकतात. प्रत्येक वाक्यापुढे एक ते नऊपैकी आकडा द्यायचा, नऊ म्हणजे अगदी पटतं. 'स्वतःच्या इच्छेला मुरड घालावी लागली तरी घरच्यांची काळजी घेणं माझं कर्तव्य' यापुढे त्यानं नऊ लिहिला आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसला. निदान करायला मी ही प्रश्नावली वापरत नाही, बोलणं सुरू करायला वापरतो.

पुढच्या वेळी वडील आले, नाराजीनंच. कलमं दोन हंगाम करारानं द्यायची आणि मोहोराच्या दिवसांत मुलानं येऊन देखरेख करायची, इथवर गाडी आली. निघताना त्यांनी तो कागद मागून घेतला. 'दुसऱ्यावर विसंबण्यापेक्षा मी स्वतःवर विसंबतो' या वाक्यापुढे ठळक नऊ काढला. म्हणाले, "मी कोणाच्या दारात कधी गेलंय नाय."

मुलगा कागदाकडे बघतच राहिला.