वाचकांचे प्रश्न : सगळे मायर एकाच घराण्यातील असतात का?

प्रश्न : विज्ञानाचा इतिहास वाचताना ‘मायर’ हे जर्मन आडनाव वारंवार भेटते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणारे एक मायर, मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाशी जोडलेले दुसरे, जीवजातीची व्याख्या करणारे तिसरे. रोमन लिपीत मात्र तिघांच्या आडनावाची अक्षरे वेगवेगळी दिसतात. ही माणसे एकाच घराण्यातील आहेत काय, आणि या आडनावाचा मूळ अर्थ कोणता?

उत्तर : ती एका घराण्यातील नाहीत, आणि त्याचे कारण आडनावाच्या अर्थातच दडलेले आहे. ‘मायर’ हे हुद्द्यावरून पडलेले नाव आहे. लॅटिनमधील ‘मायोर’ म्हणजे ‘अधिक मोठा’ या शब्दापासून ते आले. फ्रँक राजांच्या राजवाड्याचा मुख्य कारभारी ‘मायोर डोमुस’ म्हणवला जाई, आणि हे पद इतके बलिष्ठ झाले की ते भूषवणाऱ्या पिपिनने ७५१ मध्ये राजाला बाजूला सारून स्वतःच मुकुट घेतला. आडनावातील मायर मात्र इतका मोठा माणूस नव्हता. मध्ययुगीन जर्मन प्रदेशात पुष्कळशी जमीन सरदार, बिशप आणि मठ यांच्या ताब्यात होती. मालकाचा एक मुख्य वाडा असे आणि त्याच्या भोवती कुळांची शेते पसरलेली असत. त्या वाड्याची शेती पाहणारा, कुळांकडून वेठीची कामे करून घेणारा आणि धान्याचा वसूल गोळा करणारा जो माणूस मालकाने नेमलेला असे, तो मायर.

बाराव्या-तेराव्या शतकांत ही व्यवस्था ढिली पडत गेली. स्वतः शेती करवून घेण्यापेक्षा ठरावीक खंड घेणे मालकांना सोयीचे वाटू लागले आणि मोठमोठी शेते मायरांनाच मुदतीच्या कराराने दिली जाऊ लागली. त्यामुळे काल जो कारभारी होता तो आज मोठा खंडकरी शेतकरी झाला, नाव मात्र तेच राहिले. उत्तर जर्मनीत तर अशा खंडाच्या हक्काला ‘मायररेख्ट’, म्हणजे मायरचा हक्क, असेच म्हणत. नेमक्या याच शतकांत दक्षिणेकडील आणि पश्चिमेकडील शहरांपासून सुरुवात होऊन वंशपरंपरागत आडनावे रूढ होऊ लागली. जेथे जेथे असा वाडा होता तेथे तेथे एक मायर होता, आणि आपल्याकडे सगळे पाटील जसे एका कुळातील नसतात तसेच हेही. म्हणूनच आज सर्व लेखनप्रकार एकत्र धरले तर हे जर्मनीतील सर्वांत प्रचलित आडनावांपैकी एक ठरते.

आता अक्षरांविषयी. उच्चार सर्वत्र ‘मायर’ असाच असला, तरी रोमन लिपीत दुसरे अक्षर ‘ई’ किंवा ‘ए’ आणि तिसरे ‘आय’ किंवा ‘वाय’ असे असू शकते. शिवाय बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि दक्षिण टिरोल या भागांत शेवटच्या ‘आर’ आधीचा ‘ई’ गाळून लिहिलेली रूपेही आढळतात. नाव सांगताना जर्मन माणूस आपण होऊनच कोणती अक्षरे ते स्पष्ट करतो, कारण तसे न केल्यास समोरचा विचारणारच. या विविधतेला घराण्यांच्या शाखा कारणीभूत नाहीत. ती लिहिणाऱ्यांच्या सवयींतून आली. नोंद चर्चचा पाद्री किंवा दप्तरातील कारकून करीत असे, तो कानाला ऐकू आले तसे आणि आपल्या भागाच्या रिवाजाप्रमाणे लिही. एकाच माणसाचे आडनाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक आणि विवाहाच्या नोंदीत दुसरे असणे यात काही विशेष नव्हते. १ जानेवारी १८७६ पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी लागू झाली, तेव्हा त्या क्षणी जे रूप कागदावर होते ते जवळजवळ गोठले. पुढे जर्मन शुद्धलेखनाचे नियम बदलले तरी आडनावांना त्यांचा स्पर्श झाला नाही.

ढोबळमानाने सांगायचे तर उत्तरेत ‘ई-वाय’ हे रूप अधिक आढळते आणि दक्षिणेत ‘ए’ची रूपे. आपण उल्लेखिलेल्या तिघांवरच हे तपासून पाहावे. ऊर्जेच्या अक्षय्यतेविषयीचा लेख १८४२ मध्ये प्रसिद्ध करणारे युलियस रॉबर्ट मायर हे दक्षिणेतील हाइलब्रोनचे. ते पेशाने वैद्य होते आणि डच जहाजावरून जावा बेटापर्यंत गेले असता, उष्ण हवेत खलाशांच्या शिरांतील रक्त अपेक्षेपेक्षा अधिक लाल असल्याचे पाहून त्यांच्या विचाराला चालना मिळाली. त्यांचे आडनाव ‘ए-वाय’. मूलद्रव्यांच्या अणु-आकारमानाचा प्रसिद्ध आलेख १८७० मध्ये मांडणारे आणि १८८२ चे डेव्ही पदक मेंडेलेव्ह यांच्यासह मिळवणारे लोथार मायर जन्मले ते उत्तर समुद्राजवळच्या फारेल या गावी, म्हणून ‘ई-वाय’. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांचा जन्म १९०४ मध्ये बव्हेरियातील केम्प्टन येथे झाला आणि त्यांच्या आडनावात शेवटचा ‘ई’ नाही. अठराव्या शतकात चंद्राच्या गतीची इतकी अचूक कोष्टके तयार करणारे, की ब्रिटिश संसदेने मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीला ३००० पौंड दिले, ते टोबियास मायर नेकर नदीवरच्या मारबाखचे, तेही ‘ए-वाय’. नियम असा छान जुळतो खरा, पण त्यावर फार भार टाकू नये. दक्षिणेला असूनही स्वित्झर्लंडमध्ये ‘ई’ची रूपे भरपूर आहेत, झुरिकचे कवी कॉन्राड फर्डिनांड मायर ‘ई-वाय’च लिहीत. आणि १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी मारिया ग्योपर्ट-मायर यांना तर हे आडनाव अमेरिकन पतीकडून मिळाले.

प्रश्न : जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष स्टाइनमायर यांच्या नावातील ‘मायर’ हाच का? आणि असे जोडशब्द कसे तयार झाले?

उत्तर : होय, हाच. एका पंचक्रोशीत दोन-चार मायर झाले की त्यांना वेगळे ओळखण्यासाठी शेताची खूण पुढे जोडली जाई. ‘स्टाइन’ म्हणजे दगड. ओबरमायर वरच्या शेताचा, नीडरमायर खालच्या शेताचा, आणि ब्राझीलचे वास्तुविशारद ऑस्कर नीमायर यांच्या आडनावातील ‘नी’ म्हणजे उत्तरेच्या बोलीतील ‘नवा’. फ्रांक-वाल्टर स्टाइनमायर यांचा जन्म १९५६ मध्ये डेटमोल्ड येथे झाला, आणि तो लिपे प्रदेश या जोडनावांचे माहेरघरच म्हणावा असा आहे.

त्याच भागातील एक रीत वंशावळ शोधणाऱ्यांना हमखास चकवते. वेस्टफालिया आणि आसपासच्या प्रदेशात नाव माणसापेक्षा शेताला अधिक चिकटलेले असे. शेताच्या वारस मुलीशी लग्न करून जो जावई तेथे राहायला येई, तो आपले आडनाव टाकून शेताचे नाव घेई आणि त्याची मुलेही तेच लावीत. अशा ठिकाणी मायर ते मायर अशी सलग दिसणारी साखळी प्रत्यक्षात तीन वेगळ्या रक्ताच्या पुरुषांची असू शकते.

प्रश्न : मायर हे आडनाव ज्यू लोकांतही आढळते. ते शेताच्या कारभाऱ्यांचे वंशज होते काय?

उत्तर : नाही. येथे दोन निराळे झरे एका प्रवाहाला मिळाले आहेत. हिब्रूत ‘मेईर’ हे पुरुषाचे नाव आहे, त्याचा अर्थ प्रकाश देणारा. तेराव्या शतकातील रोथेनबुर्गचे विद्वान रब्बी मेईर यांच्यामुळे ते जर्मन ज्यूंत विशेष आदराचे होते. रोजच्या बोलण्यात त्याचा उच्चार जर्मन ‘मायर’शी मिळून गेला. रोथशिल्ड पेढीचे संस्थापक मायर आम्शेल रोथशिल्ड यांच्या बाबतीत ‘मायर’ हे आडनाव नसून पाळण्यातले नाव आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ ज्यू कुटुंबांत तोवर पित्याचे नावच पुढे लावण्याची पद्धत होती. ऑस्ट्रियात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या फर्मानाने कायमचे आडनाव घेणे बंधनकारक झाले, तेव्हा अनेकांनी पित्याचे किंवा आजोबांचे ‘मायर’च कायम केले. ऑपेराकार जाकोमो मायरबेअर यांचे मूळ आडनाव ‘बेअर’. आईच्या वडिलांच्या नावातील ‘मायर’ त्यांनी पुढे जोडला. इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मेईर यांचे विवाहानंतरचे आडनाव ‘मायरसन’, म्हणजे मायरचा मुलगा, असे होते. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना त्यांनी त्याचे हिब्रू रूप घेतले.

प्रश्न : इतकी रूपे असताना जुन्या दप्तरांत एखादा मायर शोधायचा कसा?

उत्तर : अक्षरे बाजूला ठेवून ध्वनी शोधावा. यासाठी १९६९ मध्ये हान्स योआखिम पोस्टेल यांनी ‘कोल्न ध्वनिपद्धत’ प्रसिद्ध केली. तीत स्वर गळतात आणि व्यंजनांना अंक मिळतात, त्यामुळे मायरची सारी रूपे ६७ या एकाच संकेतांकाखाली येतात. पद्धत उपयुक्त आहे, परंतु ‘एम’ आणि ‘एन’ यांना ती एकच अंक देत असल्याने हाती आलेली यादी डोळ्यांनी चाळणे भाग पडते. बायर्न म्युनिकचे १९७४ चे विश्वविजेते गोलरक्षक सेप मायर आणि त्याच संघाचे २०१४ चे विश्वविजेते गोलरक्षक मानुएल नॉयर हे दोघेही तिच्या लेखी ६७च आहेत.