सक्तीच्या सेवेतले चाळीस महिने आणि ओसीआय कार्ड

प्रश्न : माझा जन्म 1952 सालचा, अलिबाग तालुक्यातला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. 1964 साली आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो आणि दक्षिणेकडच्या दिमोना गावात वाढलो. 1970 च्या अखेरीस सक्तीच्या लष्करी सेवेत पायदळात दाखल झालो. सक्तीचे छत्तीस महिने भरत आले असतानाच ऑक्टोबर 1973 चे युद्ध सुरू झाले. सिनाईत तोफगोळ्याचा तुकडा डाव्या खांद्यात घुसला. इस्पितळातून पुन्हा पलटणीत गेलो आणि सुटलो तो एप्रिल 1974 मध्ये. माझी इच्छा कोणी विचारली नव्हती. पुढे कारखान्यात नोकरी केली आणि बोलावणे येई तेव्हा मिलुईमला, म्हणजे राखीव सेवेला, गेलो. खांद्यापोटी संरक्षण मंत्रालयाकडून दरमहा रक्कम मिळते. आता हिवाळ्याचे महिने अलिबागला काढायचे आहेत. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाच्या अर्जात सैन्याचा उल्लेखच करू नका, सेवामुक्तीच्या दाखल्यावर चाळीस महिने दिसतात, तुम्हाला पेशाने सैनिक ठरवतील, असे मेहुणे म्हणतात. काय करावे? ता. क. : वडिलांच्या मागे राहिलेली नारळाची वाडी सातबारावर अजून त्यांच्याच नावे आहे, आणि मला दोन बहिणी आहेत. तिचे काय करावे?

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला मानू नका, हे प्रथम सांगतो. नागरिकत्व अधिनियम, 1955 च्या कलम 7-ड नुसार खोटे निवेदन करून किंवा महत्त्वाची बाब दडवून मिळवलेली ओसीआय नोंदणी केंद्र सरकारला रद्द करता येते, आणि आपल्या वयाच्या, दिमोनात वाढलेल्या माणसाने सैन्यात सेवा केली असणार हे तेल अवीवच्या भारतीय दूतावासातील कोणत्याही अधिकाऱ्याला अर्ज न उघडताच ठाऊक असते. जे लपत नाही ते लपवून आपण एका निरुपद्रवी वस्तुस्थितीला गुन्ह्याचे रूप देऊन बसाल.

मूळ पात्रतेविषयी मला शंका नाही. राज्यघटना अमलात आल्यानंतर भारतात जन्मल्यामुळे आपण जन्माने भारतीय नागरिक होता, आणि कलम 7-अ ला नेमके तेच अभिप्रेत आहे. त्या कलमात सैनिकी सेवेचा शब्दही नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला हे कार्ड देऊ नये, हा निर्बंध गृह मंत्रालयाच्या सूचनांतून आलेला आहे. इस्राएलमध्ये 1949 च्या कायद्यानुसार सेवा सक्तीची असल्यामुळे या निर्बंधाने तेथील जवळजवळ संपूर्ण मराठी समाजच दाराबाहेर राहत होता. म्हणूनच 5 जुलै 2017 रोजी तेल अवीवच्या सभेत भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही कार्ड मिळेल, असे जाहीर केले. सवलतीचा सारा भार ‘सक्तीची’ या एका शब्दावर आहे, आणि आपल्या कागदांनी सिद्ध करायचे आहे ते एवढेच.

आता ते चार जादा महिने. दाखल्यावर नुसत्या तारखा असतील तर वाचणारा छत्तीस वजा करील आणि उरलेल्या महिन्यांत आपण स्वखुशीने करार करून, म्हणजे ‘केवा’ या कायम सेवेत, राहिलात असे समजेल. वास्तविक युद्धामुळे आपली सुटका लांबवण्यात आली. जानेवारी 1974 मध्ये इजिप्तशी सैन्य मागे घेण्याचा करार झाला, तरी त्यानंतरही आपण वर्दीतच होता. ‘माझी इच्छा कोणी विचारली नव्हती’ हे आपल्या पत्रातले वाक्य मला पुरेसे बोलके वाटते, पण ते कागदावर सैन्याच्या शिक्क्याने यायला हवे. म्हणून सेवामुक्तीच्या दाखल्यावर न थांबता, सक्तीची सेवा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मिलुईम किती, आणि कायम सेवा मुळीच नाही, असे स्पष्ट लिहिलेले सेवाप्रमाणपत्र सैन्याकडून मागवा. मिलुईमची अडचण मानू नका. राखीव सेवाही कायद्याने बांधलेली आहे आणि ती चुकवणाऱ्याला शिक्षा होते.

दरमहा मिळणाऱ्या रकमेबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, मला मात्र ती बाब अधिक नाजूक वाटते. बँकेच्या उताऱ्यावर संरक्षण मंत्रालयाचे नाव दिसले की ‘निवृत्त सैनिक’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही. ही रक्कम 1959 च्या अपंग सैनिकांविषयीच्या कायद्याखाली, अपंगत्व वीस टक्के किंवा अधिक ठरल्यास मिळते. ती दुखापतीची भरपाई आहे, नोकरीचे निवृत्तिवेतन नव्हे. वैद्यकीय मंडळाचा टक्केवारी ठरवणारा निर्णय सोबत जोडा. त्यावर दुखापतीची तारीख ऑक्टोबर 1973 ची असेल, म्हणजे घाव सक्तीच्या काळातला आहे हेही त्याच कागदाने सिद्ध होईल. खांद्याने आपल्याला पन्नास वर्षे त्रास दिला, निदान एका कामी तो उपयोगी पडो.

हिब्रू कागदांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा अधिकृत शिक्का, घ्या. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीत मिळाला नाही तर शाळा सोडल्याचा दाखला पाहा. वडिलांच्या जुन्या पारपत्रात मुलांची नावे असतात, तेही शोधा. गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव तिकडे गेल्यावर बदलले असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. माझ्या अनुभवात अर्ज सैन्यापेक्षा आडनावावर अधिक वेळा अडकतात.

नारळाच्या वाडीचा विषय आपण ताजा कलम म्हणून लिहिला आहे, म्हणून थोडक्यात. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. भारतातील स्थावर मालमत्तेचा वारसा मालक कोठेही वारला तरी भारतीय कायद्यानेच ठरतो, आणि ज्यू कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू असल्यामुळे, मृत्युपत्र नसेल तर, आपल्या दोन्ही बहिणींचा हिस्सा आपल्याइतकाच आहे. सातबारावर वडिलांचे नाव अजून आहे, ही चांगली गोष्ट आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज तिघांच्या नावे करावा. त्यासाठी कार्ड हाती येण्याची वाट पाहायची गरज नाही. बहिणींनी आपल्याला मुखत्यारपत्र दिले, तर या हिवाळ्यात साध्या व्हिसावर येऊनही ते काम सुरू करता येईल.