खांदा लागला की सोडायचं

“खेळ संपला, आता मी कोण?” अमेरिकेतल्या विद्यापीठात खेळाडू-विद्यार्थ्यांचं समुपदेशन करायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की त्यापुढचं वाक्य मलाच म्हणता येईल. दर डिसेंबरात, हंगाम आटोपला की मुलांची रांग लागते. इथल्या मराठी मंडळातही एखादी आई बाजूला घेऊन विचारतेच, “हा दिवसरात्र फुटबॉल-फुटबॉल करतो, पुढे काय गं?” दोघांनाही मी एकाच मुलाचं सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. टायलर म्हणू.

टायलर अमेरिकन फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह लाइनमन. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यापलीकडे टॅकल, अशी पाच जणांची भिंत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची. टायलर उजवा गार्ड, वजन १३८ किलो. माझ्या हातवाल्या खुर्चीत तो मावेना, म्हणून दोघांच्या सोफ्यावर बसला आणि सोफा भरला. उजव्या हाताची दोन बोटं पांढऱ्या पट्टीनं एकत्र बांधलेली. बॅगेत पीनट बटरची सँडविचेस. दिवसातून सहा वेळा खायचं, भूक असो वा नसो.

पाच वर्षांत चार हंगाम, हा तेव्हा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचा, नियम होता. त्याचा चौथा संपला होता. कॉलेजातून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतले जातात ते शंभरात जेमतेम दोघं, आणि आपण त्यात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पहिल्या दोन भेटी मी पदवी आणि नोकरीचे अर्ज यांवर घालवल्या, त्या वायाच गेल्या.

तिसऱ्या भेटीत विचारलं, “तुझं काम लोकांना दिसतं कधी?”

“चुकलं की. होल्डिंग केलं की रेफरी माइकवर माझा नंबर पुकारतो. अख्ख्या स्टेडियमला माझा नंबर ऐकू येतो तो तेवढाच.”

होल्डिंग म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं. दंड दहा यार्डांचा. बाकी लाइनमनच्या नावापुढे ना यार्ड, ना गुण. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी १९३५पासून दिली जाते, पण ऑफेन्सिव्ह लाइनमनला ती एकदाही मिळालेली नाही. ओहायो स्टेटचा जॉन हिक्स १९७३मध्ये दुसरा आला, तेवढीच मजल. हे मी घरी जाऊन वाचलं. खरं सांगायचं तर तोवर टीव्हीवर मीही चेंडूच बघत होते.

पुढच्या वेळी म्हटलं, एखाद्या सामन्याचं चित्रण घेऊन ये आणि मला शिकव. त्या दिवशी तो पहिल्यांदा सलग बोलला.

“हा बघा. मी आणि सेंटर मिळून या धिप्पाड गड्याला रेटतोय. पण मागे लाइनबॅकर, त्यांच्या दुसऱ्या फळीतला गडी, उभा आहे, त्याच्यावरही मलाच जायचंय. लवकर सोडलं तर हा सुटतो, उशीर केला तर तो.”

“मग कधी सोडायचं, हे कसं कळतं?”

“बघायला वेळ नसतो. सेंटरचा खांदा नीट भिडला की माझ्या हातावरचा भार हलका होतो. तेव्हा सोडायचं.”

मी गप्प राहिले. लॅपटॉपवर चित्र थांबलेलं. तो आपल्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “सगळे म्हणतात सोड. पण इथे कुणाचा खांदाच लागत नाहीये.”

बावीस वर्षं हे काम करतेय, पण अशी वाक्यं मोजकीच ऐकलीत. प्रशिक्षक, वडील आणि मी, तिघंही त्याला सोडायलाच सांगत होतो. भार कोण घेणार, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. माणसाला त्याच्या माणसांतून सुटा काढून तपासू नये, असं मी पहिल्यापासून मानते. तरी दोन भेटी मी नेमकं तेच केलं होतं.

मग खांदे शोधले. आधीच्या वर्षी पदवी घेतलेला एक टॅकल गावातल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता. शनिवारी टायलर त्याच्याकडे जाऊ लागला. पाचही जणांचं गुरुवारचं एकत्र जेवण मोडलं नाही, फक्त ताटं लहान झाली. वजन उतरवायला आहारतज्ज्ञ घेतली, कारण खाणं एकदम तोडणं या मुलांना झेपत नाही. शिवाय कमी खाणं म्हणजे हार, असं त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं भरलेलं असतं. घोरणंही तपासून घ्या. एवढ्या वजनाच्या मुलांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो आणि घरचे त्याला हसण्यावारी नेतात.

आयांना माझं सांगणं एवढंच, की “आता अभ्यासाकडे बघ” हे वाक्य महिनाभर गिळा. आणि खेळ चालू असतानाच मुलाला मैदानाबाहेरचं एक तरी घर, एक तरी माणूस असू द्या. शेवटच्या हंगामानंतर ते जमवायला फार वेळ लागतो. टायलरला सात महिने लागले, आणि त्यातले दोन तो माझ्याकडे फिरकलाही नाही.

मागच्या महिन्यात भेटायला आला तेव्हा २३ किलो उतरला होता. हातवाली खुर्ची मी मुद्दाम पुढे ओढली. तो सवयीनं सोफ्यावरच बसला आणि शेजारी उरलेल्या जागेत बॅग ठेवली.