एकच जँगो पॅकेज अनेक व्हर्जनांवर आपोआप कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐरोलीतल्या छोट्या टीमचं हजेरी आणि शिफ्टचं एक जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) पॅकेज आहे. वागळे इस्टेटमधला ग्राहक जँगो ४.२ सोडायला तयार नाही, वाशीचा ५.१ वर आहे, नवे सगळे ५.२ मागतात, आणि मधल्या ५.० वरही एक जण अडकलाय. पायथन ३.१० ते ३.१३, रेस्ट फ्रेमवर्क (जँगोवर एपीआय बनवायची लायब्ररी) ३.१५ किंवा ३.१६, डेटाबेस पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. या सगळ्यावर टेस्ट्स आपोआप कशा चालवायच्या, आणि त्यासाठी टॉक्स घ्यायचं की नॉक्स (दोन्ही साधनं वेगवेगळ्या व्हर्जनांवर टेस्ट्स चालवून देतात)?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला कमी वेळ लागतो. एका ओळीत ‘पायथन हे, जँगो ते’ असं मांडून भागत असेल तर टॉक्स. जोड्या ठरवताना ‘हे असेल तर ते नको’ अशा अटी वाढत असतील तर नॉक्स, कारण त्याची सेटिंग फाइल म्हणजे साधा पायथन कोडच असतो. दोन्ही उत्तम आहेत आणि तुमची खरी अडचण दोन्ही सोडवत नाहीत. ती अडचण अशी की जॉबच्या (एका जोडीवरच्या टेस्ट्सच्या फेरीच्या) नावात जँगो ४.२ लिहिलेलं असतं, पण आत नेमकं कुठलं व्हर्जन चाललं हे कोणी बघत नाही. (आज्ञा आणि पर्याय मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंग घ्या.)

हे घडतं कसं? टॉक्स आधी तुम्ही दिलेली डिपेन्डन्सीची (लागणाऱ्या लायब्ररींची) यादी टाकतो आणि मग तुमचं पॅकेज त्याच्या गरजांसकट टाकतो. या दोन वेगवेगळ्या पिप (पायथन पॅकेजं टाकणारं साधन) इन्स्टॉल आहेत. दुसऱ्या वेळी पिपला पहिल्या वेळची अट आठवत नाही. पॅकेजच्या गरजांपैकी एखादीचं ताजं व्हर्जन ‘जँगो ५ किंवा पुढचं हवं’ म्हणत असेल, तर पिप ४.२ काढून खुशाल ५.२ टाकतो. टेस्ट्स हिरव्या (म्हणजे पास), जॉबचं नाव ४.२, आणि वागळे इस्टेटमधल्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी इम्पोर्ट एरर.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. टॉक्समध्ये ‘कन्स्ट्रेन पॅकेज डेप्स’ हा पर्याय ट्रू करा, म्हणजे पहिल्या यादीतल्या अटी दुसऱ्या इन्स्टॉललाही लागू होतात. मग प्रत्येक जॉबला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्या, उदाहरणार्थ ‘अपेक्षित जँगो = ४.२’, आणि एक छोटी टेस्ट लिहा जी जँगोच्या व्हर्जन टपलचे (आकड्यांच्या संचाचे) पहिले दोन आकडे त्याच्याशी ताडून पाहते. टॉक्स बाहेरची व्हेरिएबल्स आत जाऊ देत नाही, म्हणून हे नाव ‘पास एन्व्ह’मध्ये घालायला विसरू नका. चार ओळींची ही टेस्ट बाकी सगळ्या मांडणीपेक्षा जास्त उपयोगी पडते. शिवाय प्रत्येक जॉबच्या शेवटी पिप फ्रीझचं आउटपुट, म्हणजे कुठली लायब्ररी कुठल्या व्हर्जनची बसली ती यादी, आर्टिफॅक्ट (जॉबसोबत साठवलेली फाइल) म्हणून जपून ठेवा. ते का, हे पुढे येतंच.

आता किती जोड्या चालवायच्या? ४ पायथन, ४ जँगो, २ रेस्ट फ्रेमवर्क, २ डेटाबेस: ६४. जँगो ४.२ आणि ५.० पायथन ३.१३ ला अधिकृत आधार देत नाहीत, त्या ८ जोड्या गेल्या, उरल्या ५६. इन्स्टॉल धरून प्रत्येकी ६ मिनिटं म्हटली तर एका पुशला (एकदा कोड वर चढवला की) ३३६ मिनिटं. कोड ठेवणाऱ्या आणि हे जॉब चालवणाऱ्या गिटहबच्या मोफत प्लॅनमध्ये खाजगी रेपोला (कोडच्या साठ्याला) महिन्याला २००० मिनिटं मिळतात, म्हणजे सहाव्या पुशला खातं रिकामं. एवढं करून त्या ५६ पैकी बहुतेक जोड्या तुम्हाला काहीही नवं सांगत नाहीत.

माझी निवड अशी असेल. पायथन ३.१० वर जँगो ४.२, सगळ्या लायब्ररींची किमान व्हर्जनं, पोस्टग्रेस. पायथन ३.१२ वर जँगो ४.२, त्याचा शेवटचा पॅच, मायएसक्यूएल. पायथन ३.११ वर ५.०, पायथन ३.१२ वर ५.१. पायथन ३.१० वर ५.२ आणि पायथन ३.१३ वर ५.२, यातला दुसरा दोन्ही डेटाबेसवर. झाले सात जॉब. रेस्ट फ्रेमवर्क ३.१५ जुन्या जँगोबरोबर आणि ३.१६ नव्याबरोबर बांधा. ग्राहकांकडेही साधारण असंच असतं. पोस्टग्रेसचं व्हर्जनही यातच ठरवा: जँगो ४.२ ला पोस्टग्रेस १२ चालतं, ५.१ ला किमान १३ लागतं, ५.२ ला १४. डेटाबेस हीसुद्धा बाहेरची, दुसऱ्यांनी बनवलेलीच वस्तू आहे, हे टीम्स हमखास विसरतात.

या सातांतला पहिला, किमान व्हर्जनांचा जॉब, सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. तुमच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (पॅकेजच्या गरजा लिहितो ती) ‘रेस्ट फ्रेमवर्क ३.१५ किंवा पुढचं’ लिहिलंय, पण ते वाक्य खरं आहे का हे कोणी तपासलेलं नसतं, कारण पिप नेहमी ताजंच आणतो. यूव्ही नावाचं पिपसारखंच साधन हे काम सोपं करतं: रिझोल्यूशनला ‘लोएस्ट-डायरेक्ट’ द्या, म्हणजे तुम्ही थेट मागितलेल्या लायब्ररींची सर्वांत जुनी चालणारी व्हर्जनं येतात आणि त्यांच्या पोटातल्या लायब्ररी ताज्या राहतात. नुसतं ‘लोएस्ट’ देऊ नका. ते पोटातल्याही जुन्या आणतं आणि मग कुणीतरी दहा वर्षांपूर्वी टाकलेलं पॅकेज बिल्ड करताना दम लागतो. प्रत्येक थेट डिपेन्डन्सीला खालची मर्यादा लिहिलेली हवी, नाहीतर यूव्ही शोधत शोधत पहिल्यावहिल्या व्हर्जनपर्यंत मागे जातो. आणि हा जॉब सगळ्यात जुन्या पायथनवरच ठेवा: ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बिल्ड करायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलंय, त्यामुळे जुनी पॅकेजं तिथे बिल्डच होत नाहीत आणि दोष उगाच तुमच्या कोडवर येतो.

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबवर जॉब चालवणाऱ्या सोयीच्या) यामल सेटिंग फाइलमध्ये दोन खड्डे आहेत. पायथनचं व्हर्जन अवतरणचिन्हांत लिहा. ३.१० उघडं लिहिलं तर यामल त्याला दशांश संख्या समजतो आणि ३.१ करून टाकतो, मग ‘असं पायथन सापडत नाही’ म्हणून जॉब पडतो. दुसरा खड्डा फेल-फास्टचा. ते मुळात चालू असतं, म्हणजे एक जॉब पडला की बाकीचे अर्ध्यातून रद्द. इथे ते बंदच हवं, कारण निदान लाल-हिरव्याच्या नक्षीतून होतं. ५.२ चे सगळे जॉब लाल असतील तर दोष जँगोच्या बदलात शोधा. ३.१३ चे तेवढेच लाल असतील तर पायथनकडे बघा. फक्त मायएसक्यूएलचे असतील तर ड्रायव्हर किंवा कोलेशन (मजकूर ताडण्याचे डेटाबेसचे नियम). एकटाच जॉब मध्येच लाल झाला तर तो आधी पुन्हा चालवून पाहा, बहुतेकदा टेस्टच डळमळीत असते. कॅशबद्दल एवढंच: पिपने उतरवलेल्या फाइल्स कॅश करा, अख्खं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नको, ते कॅश केलं की जुनी व्हर्जनं भुतासारखी परत येतात.

काम दोन पाळ्यांत वाटा. पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मुख्य कोडात घ्यायच्या विनंतीवर) चालणारे सात जॉब कन्स्ट्रेंट फाइलने, म्हणजे नेमकी व्हर्जनं लिहिलेल्या यादीने, गोठवलेले हवेत, प्रत्येकाची आपापली फाइल. म्हणजे लाल झालं तर ते त्या पुल रिक्वेस्टमुळेच झालं, हे नक्की. रात्रीचा जॉब मात्र मोकळा सोडा: कुठलीही फाइल नाही, त्या दिवशी मिळेल ते ताजं. याची गरज का, तर ३० सप्टेंबर २०२३ आठवा. त्या दिवशी वर्कझॉइग (फ्लास्क या वेब फ्रेमवर्कला लागणारी लायब्ररी) ३.० आलं आणि त्यातून ‘यूआरएल कोट’ हे फंक्शन गेलं. फ्लास्क २.२ ने वर्कझॉइगला फक्त खालची मर्यादा लावली होती, वरची नाही. कोडमध्ये एक अक्षर न बदलता कितीतरी ठिकाणचे फ्लास्क अ‍ॅप नव्याने इन्स्टॉल होताच इम्पोर्ट एररने पडले. फ्लास्क तुम्ही मागितलेलं असतं, पण फटका त्याच्या पोटातल्या लायब्ररीने दिला. मोकळा जॉब हा फटका ग्राहकाआधी तुम्हाला देतो.

रात्रीच्या जॉबची वेळ लिहिताना लक्षात ठेवा की क्रॉन (ठरल्या वेळी जॉब सुरू करणारं वेळापत्रक) मुळात यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत असतो. २१:१७ लिहिलं तर आपल्याकडे पहाटेचे २:४७, म्हणजे सकाळी ऐरोलीला गाडीतून उतरेपर्यंत निकाल तयार. ठोक्याला ठोका, २१:०० नका ठेवू. तेव्हा सगळ्या जगाची गर्दी असते आणि जॉब उशिरा सुटतो. हा क्रॉन फक्त डिफॉल्ट (मुख्य) ब्रँचवरच चालतो, आणि सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब तो आपोआप बंद करतं. निकाल टीमच्या चॅटवर पाठवा. ‘कंटिन्यू ऑन एरर’ लावून गप्प बसवलेला लाल जॉब कोणीही उघडून बघत नाही.

मिनिटं वाचवायला ऑफिसातलं मशीन रनर (जॉब चालवणारं मशीन) म्हणून लावायचा मोह होईल. लावा, पण प्रत्येक जॉब नव्या कंटेनरमध्ये (कोऱ्या, वेगळ्या वातावरणात) चालवा, नाहीतर कालचा कचरा आजच्या निकालात मिसळतो. आणि पावसाळ्यात वीज गेली तर जॉब रांगेत वाट बघत बसतो. २४ तासांत रनर परतला नाही तर तो जॉब आपोआप पडतो.

येणारं जँगो आधीच चाखायचं असेल तर पिपचा ‘प्री’ पर्याय टाळा. तो सगळ्याच लायब्ररींचे बीटा आणतो, मग पायटेस्टच्या (टेस्ट्स चालवणाऱ्या लायब्ररीच्या) बीटातली गडबड जँगोच्या नावावर खपते. त्याऐवजी त्या एकाच लायब्ररीच्या अटीत अल्फा व्हर्जन लिहा, तेवढ्यापुरतीच परवानगी मिळते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे इशारे. ५.२ च्या जॉबमध्ये ‘रिमूव्ह्ड इन जँगो ६०’ या वॉर्निंगला एरर बनवा. सगळ्याच डिप्रिकेशन (‘हे पुढे काढणार आहोत’ अशा) वॉर्निंग्जना एरर बनवलं तर दुसऱ्यांच्या लायब्ररींमुळे रोज बोंब होईल. ही ओळ सगळ्यांच्या सामायिक फाइलमध्येही घालू नका: जँगो ४.२ मध्ये त्या नावाचा क्लासच नाही, त्यामुळे पायटेस्ट सुरू होतानाच पडतो. ५.२ च्या जॉबला कमांड लाइनवरून द्या.

काल हिरवं होतं, कोड तोच, आज लाल. अशा वेळी कालचं आणि आजचं पिप फ्रीझ शेजारी ठेवा; फरक बहुधा दोन-तीन ओळींचाच निघतो. कालचं जपलेलं नसेल तर यूव्हीचा ‘एक्सक्लूड-न्यूअर’ पर्याय आहे. त्याला तारीख दिली की त्यानंतर आलेलं काहीच तो विचारात घेत नाही. कालच्या तारखेने हिरवं झालं तर गुन्हेगार बाहेरचा. नक्की कधीचा हे शोधायला तारखा अर्ध्या-अर्ध्या करत जा, महिन्याभराचा पट्टा पाच फेऱ्यांत संपतो.

कोडमध्ये व्हर्जन बघून फाटे फोडावे लागतीलच. ते सगळे एकाच कम्पॅट (व्हर्जनांतले फरक सांभाळणाऱ्या) फाइलमध्ये ठेवा आणि व्हर्जनची तुलना मजकूर म्हणून करू नका, मजकुरात ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरतं. शक्य तिथे व्हर्जन न विचारता ‘हे फंक्शन आहे का’ एवढंच विचारा. कव्हरेजही (टेस्ट्समध्ये कोडचा किती भाग चालला ते) सगळ्या जॉबचं एकत्र करूनच बघा, कारण प्रत्येक जॉब आपल्याच फाट्यावरून जातो आणि एकट्याचा आकडा कायम कमी दिसतो. एकत्र केल्यावरही ज्या फाट्याला कोणीच शिवलेलं नाही, तो बहुधा सोडून दिलेल्या व्हर्जनचा असतो, काढून टाका.

जँगो ४.२ ला मूळ टीमचा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचा. वागळे इस्टेटचा ग्राहक तरीही हलला नाही तर त्याच्यासाठी वेगळी ब्रँच काढा, तिच्यावर वरचे पहिले दोनच जॉब ठेवा, आणि मुख्य ब्रँचच्या पायप्रोजेक्टमधली खालची मर्यादा त्याच रिलीजमध्ये वर न्या. क्रॉन डिफॉल्ट ब्रँचवरच चालत असल्याने, रात्रीच्या जॉबमध्ये चेकआउटच्या पायरीला त्या जुन्या ब्रँचचं नाव वेगळं द्यावं लागेल.