तुर्की दिग्दर्शक चेतिन इनांच खरंच इतका वाईट होता का? त्याचा कोणता सिनेमा आधी पाहावा?

नाही. ‘वाईट’ हे मत बहुतेकांनी ‘टर्किश स्टार वॉर्स’ नावाने फिरणाऱ्या क्लिपा बघून बनवलेलं असतं. मी फिल्मवर, टेपने जोड लावत एडिटिंग शिकलो, म्हणून मला हे झोंबतं.

मुंबईत एका फिल्म क्लबने तो सिनेमा, म्हणजे ‘दुन्यायी कुर्तारान आदाम’ (१९८२), ‘जगातला सगळ्यात भंगार सिनेमा’ म्हणून लावला होता. आयोजक मध्येमध्ये सिनेमा थांबवून लोकांना हसवत होते. नायक ज्युनेत आर्कन हेल्मेट घालून बसलाय, मागे पडद्यावर ‘स्टार वॉर्स’मधली यानं धावतायत, चेहरा तसाच, मागचं दृश्य मात्र फटाफट बदलतंय. डेथ स्टारचा गोळा अंड्यासारखा लांबट. सगळे खिदळले. मी उठून सांगितलं, ही स्कोपची प्रिंट आहे, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवलेलं, आणि ते पसरवणारी लेन्स न लावता वापरलीय. मागे चालतंय ते आधीच एडिट झालेलं रीळ, ते कट मूळ सिनेमातले. हाताशी पैसे नसताना अंतराळातली लढाई उभी करायची तर दुसरं काय करणार? आयोजक म्हणाले, “म्हणजे चोरीच ना?” मग जुंपलीच आमची. तुर्कस्तानातल्या कॅपॅडोशियाच्या दगडी सुळक्यांमधली मारामारी कुठून चोरली, सांगा ना! शिक्षणाने डॉक्टर असलेला आर्कन स्वतः ट्रॅम्पोलिनवरून झेपावतो आणि त्या झेपेला वेग येतो तो कटिंगमुळे. यावर उत्तर आलं नाही. पुढचा सीन लावला.

इनांच १९४१ साली अंकाऱ्यात जन्मला, दिग्दर्शक आतिफ यिल्माझकडे सहाय्यक होता, १९६७पासून स्वतः दिग्दर्शन करू लागला. १९७२ साली तुर्कस्तानात ३००च्या आसपास सिनेमे निघाले, एवढा तो धंदा जोरात होता. अशा येशिलचाममध्ये, म्हणजे तिथल्या सिनेसृष्टीत, झपाट्याने सिनेमे काढतो म्हणून लोक त्याला ‘जेट दिग्दर्शक’ म्हणत. शंभराहून जास्त सिनेमे केले त्याने.

सुरुवात ‘वाहशी कान’ने (१९८३) करा, आर्कनच आहे, ‘फर्स्ट ब्लड’ या पहिल्या रॅम्बोपटावर बेतलेला. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून मोठे झाला असाल तर १९६८चा ‘किझिल मास्के’ शोधा, तोच वेताळ आहे. हो, ‘टर्किश स्टार वॉर्स’मध्ये दृश्यं आणि संगीत परवानगीशिवाय उचललेलं होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. सगळेच सिनेमे चांगले आहेत असंही नाही. पण पाहाल तो अख्खा पाहा, आणि मध्येच थांबवून शेरे मारणारा कोणी असेल तर त्याला आधी खोलीबाहेर काढा.