वाचक विचारतात: आखाती समुद्र ऑगस्टमध्ये एवढा तापतो का?

प्रश्न: ताई, आम्ही शारजात राहतो. आई-बाबा साताऱ्याहून ऑगस्टमध्ये येतायत आणि नातवाबरोबर समुद्रात डुंबायचं म्हणून आत्तापासून उड्या मारतायत. मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दुपारी गेलो होतो, पाणी अक्षरशः आंघोळीचं, आणि बाहेर आल्यावर डोकं गरगरायला लागलं. लहानपणी मुरुडला असं कधी झालं नव्हतं. समुद्र तर तोच ना, अरबी?

उत्तर: तोच नाही हो दादा, तिथेच सगळी गोम आहे. तुमच्या समोर आहे ते पर्शियन आखात, तिकडे अरबी आखात म्हणतात, आणि ते होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडातून ओमानच्या आखाताला आणि पुढे अरबी समुद्राला जोडलेलं आहे. सरासरी खोली फक्त ३५ मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे बारा-तेरा मजली बिल्डिंग उभी केली तर गच्ची पाण्याच्या वर राहील. आता गावाकडची विहीर आठवा आणि अंगणात पाणी भरून ठेवलेली परात आठवा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट वाटतं, कारण ते फारसं बदलतच नाही, परात मात्र दुपारी तापते आणि रात्री गार पडते, आखात ही परात आहे. दुबईजवळ फेब्रुवारीत पाणी २१-२२ अंश असतं आणि ऑगस्टमध्ये ३३-३४, मुंबईकडे वर्षभराचा खेळ साधारण २५ ते ३० मध्येच आटपतो. कुवेतच्या उपसागरात तर जुलै २०२० मध्ये ३७.६ अंश नोंदलं गेलं, ताप बघायला थर्मामीटर लावतो ना, तो आकडा!

आणि कोकणात अजून एक गोष्ट होते, मे मध्ये समुद्र तापतो न तापतो तोच जूनमध्ये ढग येतात, वारा पाणी घुसळून काढतो, तापमान खाली येतं. आखातावर असा पाऊस नाही त्यामुळे ऊन सरळ सप्टेंबरपर्यंत पाणी तापवत राहतं.

गरगरण्याचं कारण साधं आहे. आपल्या कातडीचं तापमान ३३ च्या आसपास, पाणीही तेवढंच, मग अंगातली उष्णता जाणार कुठे? घाम येतो पण पाण्यात सुकत नाही, म्हणजे त्याचा उपयोग शून्य, आणि पोहताना शरीर उष्णता तयार करतच असतं. २०१० मध्ये फुजैराला १० किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकन जलतरणपटू दगावला, पाणी खूप गरम होतं, त्यानंतर आंतरराष्ट्रीय खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा आली. तो २६ वर्षांचा कसलेला खेळाडू होता हे लक्षात ठेवा, आणि आपण बाबांबद्दल बोलतोय.

म्हणून माझं स्पष्ट मत, जमत असेल तर तिकीट बदला, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोलवा, तेव्हा पाणी २५ ते २८ असतं, मार्चअखेर ते एप्रिलही छान. तिकीट बदलणार नसाल (आणि नाहीच बदलणार, मला माहितीय) तर पहाटे किंवा रात्री जा. पाणी तेव्हाही फारसं गार नसतं पण डोक्यावर ऊन नसतं. दुबईत २०२३ पासून जुमेरा २, जुमेरा ३ आणि उम्म सुकीम १ इथे रात्री पोहण्यासाठी दिवे आणि लाइफगार्डची सोय केली आहे. कमरेएवढ्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, बास. मध्ये मध्ये पाणी पाजा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. नातवाला दिवसाढवळ्या खेळायचंच असेल तर पाणी गार ठेवणारा पूल शोधा, तिकडे पूल गरम नाही तर थंड करायला मशीन लागतं, आपल्याला गंमत वाटते!

प्रश्न: जानेवारीत बाहेर मस्त ऊन, २४-२५ डिग्री, तरी माझी सहा वर्षांची मुलगी पाण्यात दहा मिनिटांत कुडकुडते. तिला काही त्रास तर नाही ना?

उत्तर: नाही हो ताई. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीने, साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेतं, त्यामुळे २२ अंशाची हवा सुखाची आणि २२ अंशाचं पाणी बोचरं. ओठ निळसर दिसायच्या आधीच बाहेर काढा, पंचात गुंडाळा. आणि शमाल वाहत असेल, म्हणजे तो वायव्येचा वारा, तर त्या दिवशी जाऊच नका, उथळ पाण्यात लाटा आखूड आणि पटापट येतात, लहान मुलांना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. लाल झेंडा असला तर प्रश्नच मिटला.

प्रश्न: इथल्या पाण्याने डोळे भयंकर चुरचुरतात, गोव्यात एवढं नाही होत. भास आहे का माझा?

उत्तर: भास नाही, पाणी खरंच जास्त खारट आहे. बाष्पीभवन जबरदस्त, पाऊस आणि नद्यांचं पाणी त्यामानाने कमी, त्यामुळे किलोभर पाण्यात ४० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ, गोव्याकडे ३५-३६. गॉगल घाला आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने डोळे, अंग धुवा. एक फायदा म्हणजे तरंगायला किंचित सोपं जातं, पण त्या भरवशावर मुलांना हवेच्या ट्यूबमध्ये बसवून सोडू नका, वारा जमिनीकडून असला की ती ट्यूब बघता बघता आत जाते आणि मागे पळणारे बाबा बहुतेक वेळा पोहायला न येणारेच असतात.