हॉस्टेलचा प्रॉक्सी घरी कसा चालेल?

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. तिथल्या वायफायसाठी सीनियर मुलींनी तिच्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये ‘प्रॉक्सी’ घालून दिला. दिवाळीला घरी आली तर आमच्या वायफायवर तिचा मोबाइल मस्त चालतो, लॅपटॉपवर मात्र क्रोम ‘नो इंटरनेट’ दाखवतं आणि खाली प्रॉक्सीचं काहीतरी लिहून येतं. दुकानदार म्हणतो, विंडोज नव्याने टाकावं लागेल, हजार रुपये. टाकून घेऊ का? आणि कॉलेजला गेल्यावर पुन्हा कसं जोडायचं?
– एक पालक, सांगली

उत्तर : हजार रुपये खिशातच राहू द्या. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो म्हणून सांगतो, सुट्ट्या लागल्या की हे फोन येतातच. लॅपटॉप धडधाकट आहे, त्याला फक्त कॉलेज सुटलंय हे कळलेलं नाही.

प्रॉक्सी म्हणजे कॉलेजमधलं एक मधलं मशीन. लॅपटॉप एखाद्या साइटकडे स्वतः जात नाही, या मशीनला ‘आणून दे’ म्हणतो. त्याचा पत्ता बहुधा १०, १७२.१६ किंवा १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते त्या-त्या आवारापुरते असतात, सांगलीतून तिथे पोचता येत नाही. मग मोबाइल कसा चालतो? अँड्रॉइड प्रॉक्सी त्या-त्या वायफायच्या नावासोबत जपून ठेवतो. विंडोजच्या प्रॉक्सीच्या पानावर लिहिलेलं मात्र सगळ्या वायफायना लागू होतं. गोची इथे आहे.

आता हे करा. सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, ‘प्रॉक्सी’वर क्लिक करा. ‘मॅन्युअल प्रॉक्सी सेटअप’खाली ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’समोरचं बटण दाबलं की छोटी खिडकी उघडेल. तिथली कळ बंद करा आणि ‘सेव्ह’ दाबा. निम्मे लोक सेव्ह न दाबताच खिडकी बंद करतात आणि मग ‘सर, केलं तरी होत नाही’ म्हणून पुन्हा फोन! पत्ता पुसू नका, खान्यात तसाच राहू द्या. हॉस्टेलवर गेल्यावर नुसती कळ चालू केली की झालं.

नव्याने घालायची वेळ आली तर लॅबमधून दोन गोष्टी लिहून आणायला सांगा : पत्ता आणि पोर्ट (म्हणजे त्या मशीनच्या कुठल्या दारातून जायचं त्याचा नंबर). समजा १७२.१६.२.३० आणि ३१२८ असं मिळालं, तर पहिला आकडा ‘ॲड्रेस’मध्ये, दुसरा ‘पोर्ट’मध्ये. व्हॉट्सॲपवर आलेलं मधल्या कोलनसकट एकाच खान्यात चिकटवायचं नाही. (३१२८ हा स्क्विड नावाच्या, १९९६ पासून चालत आलेल्या फुकट प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ठरलेला पोर्ट. ८०८०ही बऱ्याच ठिकाणी दिसतो.) खाली लोकल पत्त्यांसाठी प्रॉक्सी नको अशी चौकट असते, तिच्यावर टिक करा. कॉलेजच्या आतल्या ज्या साइट तरीही अडतील, त्यांचे पत्ते वरच्या मोठ्या खान्यात अर्धविराम देऊन लिहायचे. यानंतर ब्राउझरने युजरनेम-पासवर्ड विचारला तर तो कॉलेजच्या लॉगिनचा, जीमेलचा नव्हे.

क्रोम आणि एज विंडोजचंच ऐकतात. फायरफॉक्सची स्वतःची ‘नेटवर्क सेटिंग्ज’ असते, तिथे कुणी हाताने प्रॉक्सी घातला असेल तर तिथूनच काढावा लागेल. मुलगी गिट किंवा एनपीएम (प्रोग्रॅमिंगची साधनं) वापरत असेल तर त्यांच्यातही वेगळा लिहिलेला असू शकतो, तिला विचारा.

कॉलेज आकड्यांऐवजी ‘पॅक’ने (.pac) संपणारी, म्हणजे प्रॉक्सी कधी वापरायचा हे ब्राउझरला सांगणाऱ्या फाइलची लिंक देत असेल तर फारच उत्तम. ती ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’मध्ये टाका. घरी ती फाइल सापडली नाही तर ब्राउझर बहुतेक वेळा सरळ बाहेर पडतो, कळ चालू-बंद करायची कटकट राहत नाही. मला विचाराल तर प्रत्येक कॉलेजने हेच द्यावं.

एक मात्र बघा. कळ बंद करूनही आपोआप चालू होत असेल आणि पत्ता १२७.०.०.१ दिसत असेल, तर तो कॉलेजचा नाही. तो आकडा म्हणजे लॅपटॉप स्वतः. आतलंच एखादं सॉफ्टवेअर मध्ये बसलंय : कधी अँटिव्हायरस, कधी फुकटच्या गेमसोबत आलेली घाण. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी तारखेनुसार लावा, अनोळखी दिसेल ते काढा आणि पूर्ण स्कॅन करा.

प्रश्न : यूट्यूबवर फुकट प्रॉक्सींची यादी मिळाली. घरच्या पीसीवर घातली तर अधिक सुरक्षित ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, उलट. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे त्या अनोळखी माणसाला दिसतं, आणि साइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने (https) सुरू होत नसेल तर तिथे टाइप केलेलं सगळंच. प्रॉक्सी म्हणजे व्हीपीएन (लॅपटॉपमधून जाणारं सगळं कुलूपबंद करून नेणारी सोय) नव्हे, तो स्वतःहून काही कुलूपबंद करत नाही. कुणी ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हणालं तर अजिबात करू नका, त्यानंतर बँकेचं पानही त्याला उघडं. यादी आधीच घातली असेल तर वर सांगितलेली कळ बंद करा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड आजच बदला.